तिसऱ्या उद्गाराची चिठ्ठी

पिपलानी, भोपाळ
सोमवार, १४ एप्रिल २०२५

प्रिय आशयदादास,

प्रभूच्या नावात सलाम. आम्ही दोघं ठीक आहोत. जामनगरच्या उन्हात तूही तब्येत सांभाळून असशील असं समजते.

पत्र पाहून तू हसणार. फोन असताना हे काय नवीन? पण फोनवर आपण काय बोलतो ते तूच बघ. महिन्यातून एकदा तुझा फोन येतो. तू विचारतोस, "गर्मी किती?" मी सांगते, "बेचाळीस." तू विचारतोस, "पप्पा?" मी म्हणते, "ठीक." मग तुझ्या शिफ्टची वेळ होते. म्हणून या वेळी कागद घेतला. कागद मध्येच कट करता येत नाही.

आधी घरच्या बातम्या. कूलरचा वाळा बदलला. पप्पा सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी स्वतः बादलीनं त्यात पाणी भरतात. पुढच्या मार्चमध्ये ते रिटायर होणार, मग हे क्वार्टर सोडावं लागेल. कुठे जायचं हा विषय काढला की ते रेडिओ लावतात. स्वयंपाक आम्ही वाटून घेतलाय. ते वरण करतात, त्यात हिंग इतका असतो की शेजारचे खिडकी बंद करतात. माझी गोविंदपुऱ्यातली नोकरी चालू आहे. दिवसभर पितळेचे सुटे भाग गेजमध्ये घालून बघायचे, बसला तर पास, नाही बसला तर लाल टॅग. मला बी.एड. करायचं आहे हे तुला ठाऊक आहे. अजून फॉर्म भरला नाही. अलीकडे कुठलीच गोष्ट धड पुरी होत नाही. पुस्तक उघडते, चार ओळी वाचते आणि उठून गच्चीवर जाते. गच्चीवर गेले की वाटतं, खाली गॅस चालू राहिला.

तीन वर्षांपूर्वीच्या ईस्टरची तुझी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पहाटेच्या प्रार्थनेसाठी कबरस्तानात जायला सगळे तयार होतो आणि तू टेबलाशी बसून मला विचारलंस, "प्राजू, तू सायन्सला आहेस. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठतो, हे तुला खरंच पटतं?" उत्तर देण्याआधी मी पप्पांकडे पाहिलं. तेवढ्यात ते म्हणाले, "ज्याला तिथे यायचं नाही त्यानं या घरातही राहू नये." तू बॅग घेऊन निघालास. आईनं तुझ्यामागे डबा घेऊन बसस्टॉपपर्यंत धाव घेतली.

मी आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. फोटो भिंतीवर लावलाय, टोपीसकट. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. आणि दादा, उत्तराच्या आधी तुला दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. आई गेली त्याच्या आदल्या दिवसाबद्दल. ती सांगितली तर तू माझ्याशी पुन्हा बोलशील की नाही, हे मला ठाऊक नाही. म्हणून आधी चिठ्ठ्यांचं सांगते.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन आपल्या मंडळीत सात जण बोलतात, प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर, हे तू विसरला नसशील. कोणी कशावर बोलायचं ते चिठ्ठी काढून ठरतं, तेही तसंच आहे. पाळकसाहेब, आपले काशिनाथ पाळक, अजूनही तोच स्टीलचा डबा फिरवतात आणि म्हणतात, "निघेल ती घ्यायची. बदलायची नाही. ज्याला जे ऐकायची गरज आहे तेच त्याला बोलायला मिळतं." यंदा पहिल्यांदाच मला बोलावलं. म्हणाले, "आता शिकलीस, आता तोंड उघड."

मला तिसरा उद्गार निघाला. म्हणजे तो प्रसंग, जिथे खांबावर टांगलेला असतानाही तो खाली उभ्या असलेल्या आईकडे बघतो आणि तिला आपल्या लाडक्या शिष्याच्या हवाली करतो. आई आणि मुलगा.

चिठ्ठी मी परत घडी करून मुठीत धरली. शेजारी कुसुममावशी होत्या. त्यांना पाचवा निघाला होता, तहानेचा. त्या कुरकुरत होत्या, "घ्या! तहानेवर मी काय बोलू? आमच्या नळाला दोन दिवसांनी पाणी येतं, तेच सांगू का मंडळीला?" मी हळूच विचारलं, "मावशी, बदलायची?" त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं, ते चष्मा पुसत होते. "दे इकडे. आईवर मी आरामात बोलते. दोन पोरं वाढवलीत, बरा एक्स्पीरियन्स आहे."

बदलली. नियम मोडला. घरी येताना सिटी बसमध्ये फार हलकं वाटलं आणि आपला स्टॉप येईपर्यंत ते हलकेपण संपलंसुद्धा.

आज इतकंच. बाकीचं पुढे लिहिते. जेवत जा.

तुझी लाडकी,
प्राजू

* * *

शुक्रवार, १८ एप्रिल, संध्याकाळ

प्रिय दादा,

सोमवारचं पत्र टाकलंच नाही. पाकिटात आहे, पाकीट पर्समध्ये आहे, आणि पर्स चार दिवस माझ्याबरोबर गोविंदपुऱ्याला जाऊन येते आहे.

आज देवळात गर्दी होती. पंखे होते पण वारा नव्हता. पप्पा नेहमीच्या जागी, तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. आईची जागा त्यांनी टोपी ठेवून धरली होती. मी बघितलं तेव्हा त्यांनी टोपी उचलली, मग परत ठेवली.

तिसरा उद्गार आला आणि कुसुममावशी उठल्या. पाळकसाहेबांनी यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मावशींनी पदर खोचला आणि सुरुवात केली ती थेट तुझ्यामाझ्या आईपासून. मी चिठ्ठी ज्या गोष्टीला भिऊन बदलली तीच त्यांनी अख्ख्या मंडळीसमोर काढली.

म्हणाल्या, "मरियेचं दुःख काय असतं ते मी रत्नप्रभेजवळ बसून बघितलं. शेवटच्या आठवड्यात मी रोज जायची. पोरगं दूर. आणि हिच्या तोंडात सारखं, आशू, आशू. पाणी पाजलं तरी आशू. मी म्हटलं, अगं ताई, फोन कर ना! तर म्हणायची, त्याला ड्यूटी असते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि ही पोरगी! परीक्षा, नोकरी सगळं बाजूला ठेवून आईला सांभाळलं. त्या लाडक्या शिष्यासारखं, योहानासारखं. प्रभूनं आई जिच्या हवाली केली ती ही!"

मंडळीतल्या बाया माझ्याकडे वळून बघायला लागल्या, डोळे पुसत. दादा, मला त्या बाकाखाली शिरावंसं वाटलं. पप्पा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर नुसता कडुनिंब होता.

तुला हे वाचून धक्का बसला असेल. तुला जे सांगण्यात आलं होतं ते वेगळं होतं. कोणी सांगितलं होतं तेही तुला माहीत आहे.

थांब. क्रमानं लिहिते.

मग चौथा उद्गार झाला, त्यात काय बोललं गेलं ते मी ऐकलंच नाही. पाचव्याला माझं नाव आलं. मी सहा पानं लिहून नेली होती. मानवजातीची आध्यात्मिक तहान, जिवंत पाणी, सगळं व्यवस्थित. पुढे गेले, पानं उघडली आणि म्हणाले, "त्याला तहान लागली होती. त्यानं पाणी मागितलं. जे जवळ उभे होते त्यांनी त्याला आंब दिली, आंबलेला द्राक्षारस." आणि तिथे मी पानं मिटली. कारण जवळ कोण उभं होतं ते मला दिसत होतं. मरणाऱ्या माणसानं एक गोष्ट मागावी, ती आपल्या हातात असावी, आणि आपण आंबट काहीतरी पुढे करावं.

मी म्हणाले, "मला पुढे येत नाही," आणि जागेवर येऊन बसले. पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं. नंतर दाराशी माझा हात हातात घेऊन इतकंच म्हणाले, "चिठ्ठी बदलून काय मिळालं, बेटा? दोन्ही तुझ्याच होत्या."

घरी येताना पप्पा चार पावलं पुढे चालत होते. आता ते आत आडवे झाले आहेत. मी ओट्याशी उभी राहून लिहिते आहे, बसवत नाही. उद्या सकाळी आईच्या कबरेला चुना लावायला जायचं आहे.

तुला माझ्याविषयी जे वाटतं ते अजून एक दिवस तसंच वाटू दे. एवढं मागते.

तुझी बहीण,
प्राजक्ता

* * *

रविवार, २० एप्रिल
पुनरुत्थानाचा दिवस, दुपार

दादा,

आता सरळ लिहिते.

गेल्या वर्षी अकरा ऑगस्टला, रविवारी दुपारी, तू आईच्या फोनवर फोन केलास. फोन माझ्या मांडीवर होता. रिंग ऐकून आईनं डोळे उघडले आणि विचारलं, "आशू?" तेव्हा ती हसली. सहा महिने मी तिची अंथरुणं बदलत होते, तिला भरवत होते, तिच्यासाठी परीक्षेची तारीख पुढे ढकलली होती. ती माझ्याकडे बघून एकदाही तशी हसली नव्हती. मी फोन घेऊन पडद्यापलीकडे स्वयंपाकघरात गेले. तू म्हणालास, "आईला दे." मी म्हणाले, "ती तुझ्याशी बोलायचं नाही म्हणते."

तू फक्त "बरं" म्हणालास.

मी परत आले तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते. मी सांगितलं, "राँग नंबर होता." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती गेली.

तू कबरस्तानात पोचलास तेव्हा माती टाकून होत आली होती. फाटकाशी तू मला विचारलंस, "शेवटी माझ्याबद्दल काही बोलली?" मी मान हलवली, नाही. नाताळात फोनवर पुन्हा विचारलंस, "फार रागावली होती का?" मी म्हणाले, "जाऊ दे ना आता." असं तीनदा झालं. पेत्रानंही, प्रभूला पकडून नेलं त्या रात्री, विस्तवाजवळ शेकत उभं राहून तीनदा असंच त्याला नाकारलं होतं. पण त्याला निदान जिवाची भीती होती. मला कशाची भीती होती? माझ्या कष्टांपेक्षा तुझं नाव जड आहे, याची. लाज वाटते लिहायला. पण कारण हेच आहे. कुरूप, छोटं, आणि खरं.

काल सकाळी सातला आम्ही कबरस्तानात गेलो. पप्पांनी चुन्यात निळीची पूड जास्त घातली, त्यामुळे आईची कबर आकाशी दिसते. मी डोक्याकडून रंगवत होते, ते पायाकडून. मधोमध आलो तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. ब्रश खाली न ठेवता सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.

ते म्हणाले, "मला माहीत आहे."

मला वाटलं, शुक्रवारच्या देवळातल्या बोलण्यावरून त्यांनी ओळखलं असेल. पण ते म्हणाले, "तुझ्या आईनं सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी. पडद्याला काय कान नसतात? ती जागी होती. तिनं सगळं ऐकलं."

दादा, आईनं ऐकलं होतं.

मी विचारलं, "मग मला काही बोलली का नाही?"

"मला म्हणाली, प्राजूला काही बोलू नका. पोरगी फार दमली आहे."

मी तिथेच, ओल्या चुन्याशेजारी बसले. त्या संध्याकाळी मी तिला पेज भरवली होती, ते आठवलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला होता. मला वाटलं होतं, चमचा बाजूला कर म्हणते आहे.

मग पप्पा बोलायला लागले. असे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, कबरेकडेच बघत होते. "ती म्हणाली, तुम्ही फोन लावून द्या. मी म्हटलं, उद्या सकाळी लावू. माझ्या हातात फोन होता, प्राजू. तुझा राग सहा महिन्यांचा होता. माझा दोन वर्षांचा. मी म्हटलं, उद्या." ब्रश त्यांनी डब्यात इतका दाबून धरला की दांडासुद्धा आकाशी झाला.

"आठ महिने सांगितलं का नाही दादाला?"

"कुठल्या तोंडानं सांगू? त्याला घराबाहेर मी काढलं."

मग त्यांनी मला आईचा निरोप सांगितला. तो तुझा आहे, आम्ही दोघांनी दाबून ठेवलेला. तिचे शब्द असे होते: "आशूला सांगा, मी रागावलेली नव्हते, एक दिवसही नाही. आणि त्या फोटोत दाढी वाढवली आहे ती काढ म्हणावं, आजारी दिसतो." ती रोज तुझा व्हॉट्सअॅपवरचा फोटो उघडून बघायची. मला ते माहीत होतं. माझ्या रागात तेही होतं.

आता आजचं.

पहाटे पाच वाजता आपली मंडळी कबरस्तानात जमली. पाळकसाहेब त्या बायांविषयी बोलले ज्या सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या आणि ज्यांना कबर रिकामी मिळाली. म्हणाले, त्यांना निरोप मिळाला की शिष्यांना जाऊन सांगा, आणि पेत्रालाही सांगा. "पेत्र काय शिष्य नव्हता? मग त्याचं नाव वेगळं का घेतलं? कारण तो आता स्वतःला त्यांच्यात धरत नव्हता. नाव घेऊन बोलावल्याशिवाय तो आला नसता." मी हे प्रत्येक ईस्टरला ऐकलं असणार. आज पहिल्यांदा ऐकू आलं.

मग नावं. वर्षभरात पुरलेल्यांची नावं पाळकसाहेब वाचतात आणि घरचा माणूस उत्तर देतो, "आम्ही वाट पाहतो." यंदा चार नावं होती. आईचं शेवटचं. "रत्नप्रभा मधुकर उजागरे." पप्पा म्हणाले, "आम्ही वाट पाहतो." पाळकसाहेबांनी वही मिटली. तेव्हा पप्पा पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "आणि आशय मधुकर उजागरे."

कुसुममावशी घाबरून पुढे आल्या. "अहो भाऊ, काय बोलता? पोरगा जिवंत आहे!"

"ठाऊक आहे," पप्पा म्हणाले. "त्याचीही वाट पाहतो."

पाळकसाहेबांनी वही उघडली आणि खिशातलं पेन काढून तुझं नाव लिहिलं. खरंच लिहिलं, मी बघितलं. मग म्हणाले, "प्रभू उठला आहे," आणि सगळ्यांनी उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे." पप्पांचा आवाज फाटला. पलीकडच्या भिंतीवरून ऊन आलं आणि आईच्या कबरेचा तो जास्तीचा निळा रंग फारच विचित्र दिसायला लागला. मावशी म्हणाल्या, "भाऊ, ही कबर आहे की पाण्याची टाकी?" आणि पप्पा रडता रडता हसले.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मेलेला माणूस उठतो हे मला पटतं का?

सायन्सनं मी ते सिद्ध करू शकत नाही. गेजमध्ये बसवून पास किंवा लाल टॅग, असं त्याचं होत नाही. पण मला काय दिसलं ते सांगते. लोक प्रभूला मारत होते, तेव्हाच तो त्यांच्यासाठी क्षमा मागत होता. कोणी मागायच्या आधी. आईनं नेमकं तेच केलं, पडद्याअलीकडे, हाताशी पेजेची वाटी असताना. मी आजवर वधस्तंभाबद्दल पाठ केलेली वाक्यं बोलत होते. माझ्यासाठी कोणीतरी ते मुकाट्यानं सोसलं आणि उलटून माझ्यावर टाकलं नाही, याचा अर्थ मला काल चुन्याच्या डब्याशेजारी कळला. आणि जर तो मेलेलाच राहिला असेल, तर शेवटचा शब्द मी स्वयंपाकघरात बोलले तोच राहील. आई गेली, विषय संपला. मला ते खरं वाटत नाही. तो उठला म्हणजे शेवटचा शब्द माझा नाही. यावर माझा विश्वास आहे. सकाळपासून आहे. रात्रीपर्यंत टिकेल की नाही ते विचारू नकोस, मी अजून येरझाऱ्या घालतेच आहे.

एक आणखी. तो उठला तेव्हा हातांवरची खिळ्यांची भोकं तशीच होती. नव्या शरीरातही ती बुजवली नाहीत. म्हणून मी तुला असं सांगणार नाही की आता सगळं ठीक झालं. तुझ्याकडून मी आईचा शेवटचा आवाज घेतला. तो परत देता येत नाही. आईनं मला माफ केलं म्हणून तूही करायला हवंस, असा याचा अर्थ नाही. ते तुझं आहे. तुला वर्ष लागो, दहा लागोत. पत्र फाडलंस तरी निरोप आधी वाचून घे.

पप्पांनी हे पत्र वाचलेलं नाही. पण मी पाकिटावर पत्ता लिहीत होते तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घरच्या फाटकाची चावी त्याच्याकडे जुनीच आहे. कुलूप बदललेलं नाही म्हणून लिही." लिहिलं.

उद्या सकाळी ड्यूटीला जाताना तिन्ही पत्रं एकाच पाकिटातून पोस्टात टाकते. पहिली दोन काढून टाकावीत असं वाटलं होतं. राहू देत. मी किती वेळ टाळत होते ते तुला दिसू दे.

पहिल्या पत्रात स्वतःला तुझी लाडकी म्हटलं आणि दुसऱ्यात बहीण. ती नावं तू परत दिलीस तरच माझी. तोवर,

त्या दुपारी जिनं फोन उचलला होता ती,
वाट पाहणारी,

प्राजक्ता